त्याच्या बाजूचं चाक

त्या खोऱ्यात एक रिवाज होता. पिकअपमध्ये चालवणाऱ्याने चालवायचं आणि शेजारी बसलेल्याने फाटकं उघडायची. पाहुणा असो, पाद्री असो, फाटक आलं की शेजारच्या सीटवरचा माणूस न सांगता खाली उतरायचा. आर्डिस टोलेफसन त्या सीटवर सत्तेचाळीस वर्षं बसली. तिने किती फाटकं उघडली आणि लावली याला गणतीच नव्हती.

हबचं मात्र त्या दोघांचं आपसातलं ठरलेलं होतं. पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध वाटीएवढी एक चकती असायची, तिलाच हब म्हणायचे. कोरड्या रस्त्यावर पुढची चाकं नुसती घरंगळत यायची, जोर लावायचा तो मागच्यांनी. बर्फ किंवा चिखल लागला की गाडी थांबवायची, खाली उतरायचं, दोन्ही चकत्या हाताने फिरवून चाकं आसाला जोडायची, आणि मग कुठे चारही चाकं ओढायला लागायची. वेंडेल डावीकडून उतरायचा, आर्डिस उजवीकडून. आपापली चकती फिरवायची. वेंडेल बॉनेटवरून विचारायचा, "झालं?" आणि ती म्हणायची, "कधीचंच."

लग्न होऊन ती ग्रेट फॉल्सहून आली त्या पहिल्या हिवाळ्यात हे तिला थट्टेसारखं वाटलं होतं. पायात शहरातले बूट, गुडघाभर बर्फ, आणि हा नवरा म्हणतोय की खाली उतर आणि चाकाला किल्ली दे. दुसरा कुणी असता तर त्याने दोन्ही चकत्या स्वतःच फिरवून आणल्या असत्या. वेंडेल म्हणाला होता, "ती तुझी बाजू." तेव्हा राग आला होता. पुढे गाड्या बदलल्या, लाल गेली, हिरवी गेली, ही निळी आली. बाजू बदलल्या नाहीत.

एप्रिलमध्ये, गाई व्यायच्या ऐन दिवसांत, वेंडेल गेला. सकाळी गोठ्यातून आला, खुर्चीवर बसून एक बूट काढला, दुसरा काढलाच नाही.

उन्हाळा गवत कापण्यात निघून गेला. ऑक्टोबरच्या शेवटी पहिला खरा बर्फ पडला. आर्डिसने पिकअपमध्ये गवताच्या गाठी भरल्या आणि ओढ्यापलीकडच्या माळावर गाईंना वैरण घालायला निघाली. ओढा ओलांडला की उभा चढ आहे. चढाच्या पायथ्याशी तिने गाडी थांबवली, उतरली, बॉनेटला वळसा घालून उजवीकडे गेली, चकती फिरवली, परत येऊन स्टिअरिंगवर बसली आणि चढायला लागली. अर्ध्यावर गाडी जागीच घसरू लागली. मागची चाकं बर्फ उडवत होती, पुढची ढिम्म. मागे-पुढे करता करता गाडी कडेच्या चरात रुतली. चालत घरी जावं तर गुडघा वर्षभर कुरकुरत होता आणि बर्फ वाढत होता. ती बसून राहिली. शेजारच्या सीटवर तिचे हातमोजे होते, तेवढेच.

चार तासांनी डेल्मर हॉकिन्सला पलीकडच्या रस्त्यावरून निळा टप दिसला. डेल्मर आठ मैलांवरचा शेजारी, बहात्तर वर्षांचा, जन्मभर एकटा. तो ट्रॅक्टर घेऊन आला, खाली उतरला, पुढून फेरी मारली आणि डाव्या चाकापाशी थांबला.

"ही बाजू राहिली," तो म्हणाला.

"ती माझी बाजू नाही," आर्डिस बोलून गेली.

डेल्मरने टोपी मागे सरकवली, परत पुढे ओढली. मग वाकून डावी चकती फिरवली आणि साखळी लावायच्या कामाला लागला. बाजूचं ते बोलणं त्याने पुढे कुणाला सांगितलं नाही. पण चार तासांची गोष्ट मात्र सहकारी दुकानात त्याच्या तोंडून निघालीच, आणि रविवारपर्यंत ती बिलिंग्ज शहरात पोचली.

"चार तास, आई," फोनवर कोरीन म्हणाली. कोरीन ही तिची एकुलती एक मुलगी. "आणि मला हे कुणाकडून कळावं? त्या दुकानातल्या बाईच्या सुनेकडून."

"थर्मासमध्ये कॉफी होती माझ्याकडे."

"कॉफीचं काय सांगतेस मला? झालं काय नेमकं?"

"अंगठा दुखतो. हब नीट फिरला नाही."

अंगठा दुखत होता हे खरं. पण त्या दिवशी अंगठ्याचा काही दोष नव्हता. चालवत ती स्वतः होती, तरी मनाने शेजारच्याच सीटवरून उतरली होती, आणि दुसऱ्या बाजूची चकती कुणीतरी फिरवतंय असं धरून चालली होती. हे मुलीला कोणत्या तोंडाने सांगायचं?

"मग आता गाई वीक आणि इकडे ये," कोरीन म्हणाली. "शिवणाची खोली रिकामी करते तुझ्यासाठी. हिवाळाभर मी फोनकडे बघत बसणार नाही."

आर्डिसने बरंच ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आपोआप लागणारे हब मिळतात हल्ली. उतरावं लागत नाही. आतला दांडा ओढला आणि गाडी पुढे घेतली की चाकं स्वतःच जोडली जातात. ते बसवते."

कोरीन वाद घालण्यात बापावर गेली होती. तिने अट घातली. थँक्सगिव्हिंगला, नोव्हेंबरअखेरच्या सणाला, ती येणार, आईच्या शेजारी बसणार, आणि आईने गाडी भरून त्या चढावरून तिला वर न्यायचं. नेलं तर वसंतापर्यंत ती बिलिंग्जचं नाव काढणार नाही. नाही नेलं तर आईने बॅग भरून तिच्याबरोबर बिलिंग्जला यायचं. "आणि मध्ये अडकलीस तर तू स्वतः सांगायचंस. डेल्मरकडून कळायला नको."

"सांगीन," आर्डिस म्हणाली.

हब मागवले ते गावातल्या सुट्या भागांच्या दुकानातून. काउंटरवरच्या बर्नार्डने खोकं पुढे सरकवलं. "आता गाडीतून उतरणारच नाही म्हणता?"

"उतरेन की. चर्चमध्ये गाडी आत नेऊ देत नाहीत."

"कोण बसवणार?"

"डेल्मर."

बर्नार्ड हसला. "डेल्मर आणि आपोआप? खोकं उघडायच्या आधी त्याला बसायला खुर्ची द्या."

नोव्हेंबरमधल्या एका उबदार दुपारी डेल्मर आला. वारा पडला होता, छपरावरून पाणी ठिबकत होतं. शेडमध्ये गाडी घेऊन त्याने हत्यारं फळीवर मांडली आणि नवा हब हातात घेऊन वर-खाली करून पाहिला.

"आपोआप," तो म्हणाला. "माझ्या आयुष्यात आपोआप झालेली एकच गोष्ट, टक्कल."

"ती तरी नीट झाली ना? मग हेही होईल."

आर्डिस लाकडी खोकं ओढून उजव्या चाकापाशी बसली. डेल्मर डाव्या चाकापाशी गुडघे टेकून. कुणी ठरवलं नव्हतं. सहा छोटे स्क्रू अॅलन कीने, त्या षटकोनी किल्लीने, काढायचे, टोपण काढायचं, आसाच्या टोकावरची सर्कलिप नावाची कडी उचकटायची, की जुना हब हातात येतो. अंगठ्याला जोर येत नव्हता म्हणून तिने कीवर पाइपचा तुकडा चढवला आणि तळहाताने रेटलं. स्क्रू एकेक करून कुरकुरत निघाले. आतलं जुनं ग्रीस काळंभोर होतं. ते वेंडेलनेच कधीतरी भरलेलं असणार. तिने ते केरोसिनच्या फडक्याने पुसून काढलं. पुसायचं होतंच.

मग तिने चष्मा लावून खोक्यातला कागद मोठ्याने वाचला. "आतल्या भागांना ग्रीसचा पातळ हात द्यावा. जास्त ग्रीस भरू नये."

"हा कागद कुणी लिहिला असेल सांगू?" गाडीपलीकडून डेल्मर म्हणाला. "ज्याने कधी हातमोजे घातले नाहीत त्याने. ग्रीसने आजवर कुणाचं वाईट केलंय?"

"पातळ हात लिहिलंय, डेल्मर."

"माझा हात पातळच आहे. बाप म्हणायचा, लोखंडाला उपाशी ठेवू नये."

त्या खोऱ्यातल्या सगळ्या पुरुषांचं ग्रीसबद्दल हेच मत होतं. बिजागरी असो, बेअरिंग असो, नांगर असो, बाहेर ओघळेपर्यंत भरायचं, नाहीतर काम केल्याचं समाधान नाही. आर्डिसला गाडीखालून डेल्मरची बोटं दिसत होती, ग्रीसच्या डब्यात जाणारी आणि येणारी. ती परत सांगणार होती. पण माणूस आठ मैलांवरून आला होता, आभाराच्या एका शब्दाचीही अपेक्षा न धरता. आणि शेडमध्ये पलीकडच्या चाकापाशी कुणीतरी खाटखुट करतंय, शीळ वाजवतंय, हा आवाज तिने एप्रिलपासून ऐकला नव्हता. तिने कागदाची घडी घातली.

संध्याकाळच्या आत काम झालं. डेल्मरने तिला ओढ्यावर नेलं, म्हणजे तिने चालवलं आणि तो शेजारी बसला. फाटकाशी तो उतरला, आखडलेली पाठ धरत. चढाच्या पायथ्याला तिने दांडा ओढला, गाडी पुढे घेतली, आणि कुठेतरी खाली टकटक झालं. पिकअप चढ चढून गेली.

"चढली की," डेल्मर म्हणाला. त्याला जरा वाईटच वाटल्यासारखं दिसलं.

पुढचे दोन आठवडे गाडीने काही कुरकुर केली नाही. चढावर उतरावं लागत नव्हतं. थांबायचंही कारण नव्हतं. माळावर जाऊन वैरण टाकून ती आधीच्या निम्म्या वेळात परत यायची आणि मग स्वयंपाकघरात घड्याळाकडे बघत बसायची, की आता एवढ्या सकाळचं करायचं काय.

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी, बुधवारी, पारा शून्याखाली बावीसवर गेला. खिडकीच्या काचेवर आतून बर्फ धरला होता. कोरीन दुपारी बाराला पोचणार होती. गाईंना वैरण टाकून, घरी येऊन पाय पुसेपर्यंत वेळ आहे, असा हिशेब करून आर्डिस आठला निघाली. ओढा ओलांडला, दांडा ओढला, चढाला लागली.

अर्ध्यावर गाडी थांबली. मागची चाकं गरगरली, टप डुलला. अगदी तीच जागा.

तिने पाय उचलला आणि थोडा वेळ समोर बघत राहिली. श्वासाची वाफ काचेवर जमत होती. आता डेल्मरच्या रस्त्यावर नजर लावून बसायचं, की कोरीन बारा वाजता घरी येऊन आई नाही म्हणून शोधत इथवर यायची वाट बघायची? दोन्हींचा शेवट बिलिंग्जलाच होत होता.

मग तिने सगळ्यात हळू गिअर टाकला, दार उघडलं, एका हाताने स्टिअरिंग धरून बाहेर वाकली आणि पुढच्या डाव्या चाकाकडे पाहिलं. वेंडेलने पाहिलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं. चाक जागच्या जागी होतं. त्यामागचा आस मात्र फिरत होता, मोकळा, रिकामाच.

"डेल्मर, अरे बाबा," ती म्हणाली.

उबदार दुपारी जे ग्रीस लोण्यासारखं होतं ते या थंडीत मेणासारखं घट्ट झालं असणार. आतले दाते हलायलाच तयार नसणार. तिच्या बाजूच्या चाकाला पातळ हात होता, ते लागलं होतं. पण एक लागून उपयोग नाही, जोर सगळा मोकळ्या बाजूने निघून जातो.

हातब्रेक ओढून, मागच्या चाकांखाली दगड सारून, हत्यारांची पिशवी घेऊन ती डाव्या चाकापाशी आली. एवढ्या वर्षांत या चाकासमोर ती कधी गुडघे टेकून बसली नव्हती. समोरून येताजाता दिसायचं तेवढंच. इथून चढ वेगळा दिसत होता, ओढा दिसत नव्हता, आणि वारा थेट तोंडावर येत होता. इतकी वर्षं वारा त्याच्या बाजूने येत होता तर. तो कधी बोलला नव्हता.

हातमोजे घालून स्क्रू धरता येत नव्हते. काढून धरले तर लोखंड कातडीला चिकटत होतं. तिने एक हात काखेत गरम करायचा, दुसऱ्याने पाइप रेटायचा, असं आलटून पालटून चालवलं. एक स्क्रू बर्फात पडला. तो शोधायला दहा मिनिटं गेली. टोपण निघालं तेव्हा आतून हब दिसलाच नाही, नुसतं पिवळं ग्रीस, काठोकाठ. स्क्रूड्रायव्हरने उचकटून तिने तो अख्खा गोळा बाहेर ओढला, छातीशी धरून केबिनमध्ये नेला आणि हीटरच्या झरोक्यापुढे मांडीवर ठेवून बसली.

इंजिन चालू होतं. ग्रीस हळूहळू मऊ पडत गेलं. काच पुसायचं फडकं एका मिनिटात भरलं. मग रुमाल. मग तिने गळ्यातला मफलर काढला. राखाडी लोकरीचा, कोरीनने गेल्या वाढदिवसाला पाठवलेला. त्याची टोकं पिळून ती एकेक दाता, एकेक स्प्रिंग पुसत गेली. बोटांना ऊब आली तशी ती दुखायला लागली. तिला वेंडेलची आठवण आली असं म्हणणं खरं ठरणार नाही. ती त्याच्याशी भांडत होती. मनातल्या मनात, अगदी रोजच्यासारखं: तुझ्या बाजूला इतका वारा लागतो हे सांगायला काय झालं होतं? एकदा तरी म्हणायचंस, आज तू इकडून उतर. मी उतरले असते. शिकले असते.

सीटखालच्या डब्यातलं पातळ तेल चार थेंब सोडून तिने हब परत बसवला. सहा स्क्रू लागायला काढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. दगड काढले, दांडा ओढला, गाडी पुढे घेतली. खाली टकटक झालं. पिकअपने एक आचका दिला आणि गवतासकट वर निघाली. माळावर गाई रांगेने उभ्या होत्या, त्यांच्या पाठीवर दहिवर पडलेलं होतं.

ती घरी पोचली तेव्हा पावणेबारा झाले होते. हात तीनदा साबणाने धुतले.

कोरीन दारातच म्हणाली, "चेहरा केवढा लाल झालाय तुझा. आणि मी पाठवलेला मफलर कुठाय?"

"धुवायला टाकलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी कोरीन शेजारी बसली. पंचेचाळिशीची बाई, पण फाटकाशी गाडी थांबायच्या आधीच तिचा पाय खाली. चढाच्या पायथ्याशीही तिचा हात दाराच्या कडीवर गेला.

"बस," आर्डिस म्हणाली. "काही करायचं नाही."

कोरीनने हात मांडीवर घेतला. टकटक झालं. गाडी वर गेली. कोरीन खिडकीतून बाहेर बघत होती.

जेवायला दोघीच. कोरीनचा नवरा ग्लेन कामावर होता, म्हणून टर्कीऐवजी आर्डिसने कोंबडी भाजली होती, आणि क्रॅनबेरीची चटणी, आणि बटाटे. वेंडेलच्या खुर्चीवर कोरीनने आपली पर्स ठेवली होती, मग लक्षात येऊन उचलून जमिनीवर ठेवली.

"मध्ये अडकली नाहीस ना?" तिने विचारलं. "तू सांगणार होतीस."

आर्डिसने काटा खाली ठेवला. कबूल केलं होतं ते केलं होतं. "काल सकाळी थांबले होते चढावर. डाव्या चाकाचा हब लागला नव्हता. काढला, साफ केला, बसवला. तीन तास गेले."

"काल? एवढ्या थंडीत?"

"हो."

ती वाट बघत होती. ऑक्टोबरात ज्या आवाजाने फोन दणाणला होता तो आवाज आता येईल. ये म्हणेल. हट्ट करेल, रडेल, बॅग भरायला लावेल. आपण काय उत्तर द्यायचं ते आर्डिसने काल हीटरसमोरच ठरवलं होतं, आणि ते उत्तर नाही असंच होतं. पण उत्तर द्यायला आधी कुणी विचारायला तरी पाहिजे.

कोरीन बटाट्यांवरचं लोणी काट्याने पसरत राहिली. "म्हणजे तुझं तूच केलंस," ती शेवटी म्हणाली. "कुणी ओढायला आलं नाही."

"नाही आलं."

"मग जमतंय तुला, आई. मी उगाच घाबरले होते." तिने मान वर केली. चेहऱ्यावरचा ताण उतरला होता. इतका की ती एकदम लहान दिसली. "खरं सांगू? ग्लेनला बरं वाटेल. त्याला व्यायामाची सायकल ठेवायला जागा नाही. शिवणाची खोली मी रिकामी केली होती, पण अजून पडदे लावले नव्हते."

"ठेवू दे सायकल," आर्डिस म्हणाली.

"वसंतात बघू परत."

"बघू की."

बाहेर वारा सुटला होता. गोठ्याचं दार आपटत होतं, ते मघाशी नीट लावायला हवं होतं. आर्डिसने कोंबडीचा अजून एक तुकडा मुलीच्या ताटात वाढला.

"त्या खोलीची खिडकी कुठल्या बाजूला आहे गं?" तिने विचारलं.

"पूर्वेला. सकाळी चांगलं ऊन येतं."

"हो का," आर्डिस म्हणाली, आणि दार लावायला उठली.